न नांगरलेला काठ

६ मार्च

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन का करत नाही म्हणून तुझा दादा मला रोज चिडवतो. त्याला म्हटलं, फोनवर मला धड भांडता येत नाही. समोरचं माणूस मध्येच बोलतं. पत्रात कसं, माझं संपेपर्यंत तुला गप्प बसावंच लागतं.

गुडघा ठीक आहे. जिने नको असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तुझ्या दादाने मला चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. लिफ्ट आहे म्हणे. ती बंद पडली की मी आहेच जिन्याला. खिडकीतून नदी दिसते. आपलीच नदी, पण इथे येईपर्यंत पार दमलेली असते बिचारी.

आता मुद्द्याचं. परवा शेजारचे दोरीकाका शहरात आले होते, ते दादाला भेटले. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. दोरी लावल्याशिवाय नांगराचं तास काढत नाहीत आणि तिरकं बोलल्याशिवाय उठत नाहीत. दादाला म्हणाले, "तुझ्या आईचं शेत म्हणजे पूर्वी घासलेलं ताट होतं. आता खरकटं पडलंय." मक्याची धसकटं उभीच्या उभी आहेत आणि नदीच्या कडेचा लांबच्या लांब पट्टा तणाने माजलाय, असं त्यांचं म्हणणं. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद पट्टी पडीक!

तुझे काका गेल्यावर मी एकटीने ते शेत केलं. एकही साल असं गेलं नाही की माझा नांगर पाण्याच्या कडेपर्यंत पोचला नाही. लोक वाटेने जाताना थांबून बघायचे. तुझ्या हातात शेत दिलं तेव्हा मी म्हटलं होतं, तीन वर्षं करून दाखव, मग तुझ्या नावावर करते. हे तिसरं वर्ष आहे, विसरू नकोस. काय चाललंय ते खरं खरं कळव.

तुझी,
आत्या

*

१३ मार्च

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसलेही आणि घाबरलेही. दोरीकाकांनी तिखटमीठ लावलंय, पण थोडं खरं आहे. हंगाम संपल्यावर मला ताप आला होता, त्यात बरेच दिवस गेले. धसकटं काढायला माणसं मिळाली नाहीत. ट्रॅक्टरवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. काठापर्यंत पोचायला वेळच झाला नाही ग. एकटीने किती बघणार? लवकरच सगळं आवरते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

बाकी छान आहे. विहिरीला पाणी भरपूर आहे. काठावर खंड्या दिसतो हल्ली, जोडी आहे. निळाजर्द रंग उन्हात असा चमकतो की हातातलं काम राहतं.

महिनाअखेरीस चार दिवस मी नसेन. पेरणीचं एक यंत्र बघायला जायचंय. घराची किल्ली दोरीकाकूंकडे ठेवते.

वहिनीला आणि दादाला नमस्कार. जिने चढू नकोस.

तुझी,
भिंगरी

*

१९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

अगं वेडे, आजारी होतीस तर आधी नाही का सांगायचं? मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे आणि तू तापात पडून आत्याच्या धाकाने कण्हत सुद्धा नाहीस. रात्रभर मला चैन पडलं नाही. सूनबाईला म्हटलं, आपण पोरीवर केवढं ओझं टाकलं आणि वर हिशेब मागतो.

तू निवांत जा. यंत्रबिंत बघ, चांगले चार घास बाहेरचे खा. शेताची चिंता करू नकोस. परत येशील तेव्हा तुला कळेल तुझी आत्या काय चीज आहे. आणखी काही सांगत नाही, नाहीतर गंमत जाईल.

तुझीच,
आत्या

*

२ एप्रिल

आत्या,

मी काल आले. गाडीतून उतरून आधी काठावर गेले, घरातही शिरले नाही.

ट्रॅक्टरवाला अभिमानाने सांगत होता, "तुमच्या आत्याबाईंनी दादांकरवी निरोप धाडला. म्हणाल्या, पार पाण्याच्या कडेपर्यंत साफ कर, तिला खूश करायचंय." त्याने केलंय साफ. आत पेरलेलं उगवत होतं म्हणून तिथे शिरला नाही, पण काठावर एक काडी ठेवली नाही. लव्हाळा, वाळा, मी लावलेली वाळुंजाच्या झाडांची रोपं, सगळं उलटंपालटं करून टाकलंय. ट्रॅक्टरच्या वजनाने काठाची दरड एका जागी खाली बसली. त्याच दरडीत खंड्याचं बीळ होतं आणि बिळात अंडी होती. दुपारभर ती दोघं समोरच्या फांदीवर बसून होती. त्यातला एक चोचीत मासा धरून सारखा दरडीपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. मी तिथेच मातीत बसून रडले.

तुझ्यावर ओरडायला कागद घेतला होता, पण ओरडायचं स्वतःवर आहे. आत्या, मी तुला खोटं सांगितलं. मला ताप आला नव्हता. माणसंही मिळत होती. तो पट्टा मी मुद्दाम सोडला होता, तीन वर्षं जपला होता.

सांगते का ते. काठापर्यंत नांगरलं की पावसात माती थेट नदीत जाते, आणि मातीबरोबर शेतातलं खत आणि फवारणीचं औषधही. गवताची दाट पट्टी मध्ये असली की ती चाळणीचं काम करते. माती अडते, पाणी तेवढं पुढे जातं. मुळं दरड धरून ठेवतात. सावलीत पाणी गार राहतं, म्हणून मासे येतात, माशांमागे पक्षी येतात. गेल्या वर्षी ओल्या वाळूत पाणमांजराचे ठसे दिसले होते. धसकटंही मी मुद्दामच ठेवते. त्यांच्यामधून ताग पेरते, जमीन कधी उघडी पडू देत नाही, नांगरत नाही. ते यंत्र त्यासाठीच बघायला गेले होते, धसकटातच बी टोचून पेरतं ते.

हे तुला सांगायची माझी छाती झाली नाही. तुझं शेत म्हणजे ताट, आणि मी त्यात गवत वाढवते आहे, हे तुझ्या तोंडावर कसं सांगू? वाटलं, नावावर झालं की सांगू. म्हणून "वेळ झाला नाही" असं लिहिलं, आणि तू माझ्यावरच्या मायेने ते सगळं मुळासकट काढून टाकलंस.

वाळुंजाच्या फांद्या आणायला उद्या जाते आहे. ओल्या मातीत फांदी खोचली की ती मूळ धरते. पट्टा मी पुन्हा उभा करणार आहे. या वेळी तुला सांगून.

भिंगरी

*

८ एप्रिल

भिंगरीस,

पत्राच्या वर "तीर्थरूप" लिहायचं विसरलीस की मुद्दाम गाळलंस? मीही आज आशीर्वाद लिहिलेला नाही. मुद्दाम गाळला आहे.

पक्ष्यांच्या अंड्यांचं मला वाईट वाटलं. मी काही राक्षसीण नाही. पण तू मला काय समजलीस ते मला जास्त लागलं. तीन वर्षं! दर पत्रात "सगळं छान आहे आत्या". मी इथे सूनबाईपुढे, शेजारणींपुढे तुझी तोंडभरून स्तुती करत बसले. आणि तू वाट बघत होतीस की म्हातारी सही कधी करते, मग दाखवू तिला. म्हातारीला काय समजतंय, होय ना? अगं, नांगर हातात कसा धरायचा ते तुला या म्हातारीने शिकवलंय.

आणि तुझी ती चाळणी-बिळणी राहू दे. गवत म्हणजे उंदीर, साप आणि शेजाऱ्याच्या शेतात उडणारं तणाचं बी. एवढं सगळं जर खरं असतं तर आम्हाला कुणी सांगितलं नसतं का?

मी ठरवलं आहे. येतं पावसाळी पीक तेवढं तू घे. त्यानंतर जमीन दोरीकाकांना कसायला देते. ते निदान जे करतात ते सांगून करतात. दादाला मी तसं सांगितलं आहे.

आत्या

*

२६ मे

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कबूल केलंय की सांगून करीन, म्हणून लिहिते.

पट्टा पुन्हा लावला. वाळुंजाच्या फांद्या खोचल्या, मध्ये वाळ्याची ठोंबं, पाण्याच्या कडेला लव्हाळा. जमीन दोरीकाकांना जाणार हे मला माहीत आहे. हंगाम संपेपर्यंत ती माझ्याकडे आहे, तोवर मी काठ उघडा ठेवणार नाही. ते आले की पुन्हा नांगरतील, तर नांगरू देत. वहिनीने फोनवर विचारलं, जे हातातून जाणार त्यावर एवढं राबतेस कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काठावर गेले, एवढंच.

गेल्या आठवड्यात पाऊस झाला, मोठा. आत शेतात ताग होता, त्याच्याखाली धसकटं. तिथे पाणी पडलं आणि जमिनीत शिरलं. दोरीकाका छत्री घेऊन बांधावर आले आणि वाकून माझी जमीन बघू लागले. मग म्हणाले, "तुझ्याकडचं पाणी कुठे गेलं?" मी म्हटलं, "खाली." त्यांच्या शेतातून गढूळ लोट वाहत होते. त्यांनी छत्री मिटली आणि ते भिजतच घरी गेले. काकू त्यांना ओरडत होत्या ते इथवर ऐकू आलं.

पण काठावर मी हरले. नवीन फांद्यांना मुळं फुटायला वेळच मिळाला नव्हता. ट्रॅक्टरने मोकळी केलेली सगळी माती नदीत गेली. दरडीचा आणखी एक तुकडा पडला, तुझ्या जुन्या धुण्याच्या दगडाजवळचा. नदी तांबूस-काळी झाली होती. त्यात आपली माती किती होती देव जाणे. निम्म्या फांद्या वाहून गेल्या. राहिलेल्यांना आधार दिलाय, गेलेल्यांच्या जागी नवीन लावते आहे.

गुडघा कसा आहे ते दादाकडून कळतं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुझी,
भिंगरी

*

१० जून

चि. भिंगरीस.

गुडघा तसाच आहे, माझ्यासारखाच, वाकायला तयार नाही.

तुझं पत्र येण्याआधीच तुझा पाऊस मला पोचला होता. इथे सगळ्या शहराला याच नदीचं पाणी. आठ दिवस नळाला गढूळ येत होतं. बादली भरून ठेवली की तळाला बोटभर गाळ. सूनबाई फडक्याने गाळून, उकळून दमली. शेवटी मी रिक्षा केली आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन टेबलावर ती बादलीच ठेवली. तिथला साहेब म्हणाला, "आजी, आम्ही काय करणार? वरचे शेतकरी अगदी काठापर्यंत नांगरतात. पाऊस आला की सगळं इथे येतं." मी त्याला असा झापला! म्हटलं, शेतकऱ्याला नावं ठेवायची नाहीत. खुर्चीत बसून नाकाने कांदे सोलणं सोपं असतं.

घरी आल्यावर बादलीतलं पाणी ओतलं आणि तळाची माती चिमटीत घेऊन चोळली. काळी, चिकट, नखात बसली की दोन दिवस न निघणारी. नदीला काही एकच शेत नाही. पण त्या बोटभर गाळात माझ्या शेताचीही माती होती, आणि ती मीच माणूस पाठवून मोकळी केली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या साहेबाकडे परत जाऊन माफी मागावी असं मनात आलं. गेले नाही. तेवढा माझा स्वभाव अजून सुधारलेला नाही.

मग मी विचार केला. नातेवाइकांत किती ताणायचं? दोघींनी एक एक पाऊल मागे येऊ. पट्टा अर्धा कर. नदीकडचा अर्धा तुझ्या गवताला राहू दे, अलीकडचा अर्धा स्वच्छ नांगरून पिकाखाली घे. वाटेवरून बघणाऱ्याला शेत नीट दिसेल, आणि तुझ्या पक्ष्यांचंही भागेल. एवढं कबूल कर, मी उद्या दादाला घेऊन कचेरीत जाते आणि जमीन तुझ्या नावावर करते. दोरीकाकांना काय सांगायचं ते मी बघून घेईन.

लवकर कळव. हो म्हण आणि मोकळी हो.

आत्या

*

१५ जून

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र हातात घेऊन काठावर जाऊन बसले. तू बादली घेऊन कचेरीत गेलीस हे वाचून इतकी हसले की पलीकडच्या काठावरची गुरं दचकली. मग पुढचं वाचलं आणि रडू आलं. तू माझ्यासाठी पाऊल मागे घेतलंस, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

पण नाही, आत्या. अर्धा पट्टा मी करणार नाही.

आपला काठ उताराचा आहे. वरून येणारं पाणी जोरात असतं. अर्ध्या रुंदीच्या गवतातून ते माती घेऊनच पार होतं. पहिल्या वर्षी मी अर्धाच सोडला होता, तेव्हा बघितलंय. आणि झाडांची मुळं पसरायला जागा लागते. तिथवर नांगर गेला की ती तुटतात, आणि मग दरड पुन्हा जाते. अर्धा ठेवायचा म्हणजे तुझी जमीनही थोडी जाणार आणि नदीही गढूळ होणार.

मला एक सोपा रस्ता होता. हो म्हणायचं, जमीन नावावर करून घ्यायची, आणि मग हळूच पट्टा पूर्ण वाढू द्यायचा. तू चौथ्या मजल्यावर, तुला कोण सांगणार? खरं सांगते, काल संध्याकाळपर्यंत तेच करायचं मनात होतं. पत्र लिहूनही झालं होतं, "आत्या, कबूल" असं. ते फाडलं. एकदा तुला गोड खोटं लिहिलं त्याची किंमत ती खंड्याची जोडी भरून गेली.

तेव्हा आता तोंडावर सांगते. पूर्ण पट्टा राहील, जमीन नांगरली जाणार नाही, धसकटं तशीच दिसतील आणि लोक नावं ठेवतील. हे तुला मान्य असेल तर जमीन दे. मान्य नसेल तर दोरीकाकांना दे, मी रागावणार नाही. मी त्यांच्याकडे रोजंदारीवर जाईन आणि काठ तेवढा माझ्याकडे मागून घेईन. त्यांनी नाही म्हटलं तर रोज मागीन.

जमीन मला हवी आहे, आत्या. फार हवी आहे. झोपेतसुद्धा तीच दिसते. पण काठ नांगरून नको.

तुझी,
भिंगरी

*

१ जुलै

चि. भिंगरीस आत्याचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी संतापले. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सूनबाईने घाबरून माझं आवडतं सगळं केलं, तेही नुसतं चिवडलं. तिसऱ्या दिवशी दोरीकाका दारात हजर. चहा समोर आला तसे म्हणाले, "मग वहिनी, जमीन कधीपासून धरू?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती आता माझी कुठे आहे? भाचीला विचारा."

मी तरी काय करणार! शेतात तास कसे काढायचे, नांगर कुठवर न्यायचा, यावर आयुष्यात मला "नाही" म्हणणारं कुणी भेटलं नाही. तुझे काका नाही, दादा नाही, हे दोरीकाका तर नाहीच नाही. सगळे मागून कुरकुरायचे आणि समोर माना हलवायचे. तूही तीन वर्षं तेच केलंस. आता हाताशी आलेली जमीन सोडून देतेस आणि मला सरळ सांगतेस की काठ नांगरून नको. शेत राखायला असंच माणूस लागतं. आत्याला जे नाही म्हणू शकतं, ते उद्या कुणालाही म्हणेल.

दोरीकाका मान खाली घालून चहा बशीत ओतू लागले. मला वाटलं चिडले. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "बरंच झालं. मी घेतलं असतं तर काठापर्यंत गेलोच असतो. तण दिसलं की माझा हात थांबत नाही." जिना उतरताना वळून म्हणाले, "वाळुंजाच्या फांद्या कुठून आणते ती?" मी म्हटलं, तेही तिलाच विचारा. तेव्हा ते येतील. फार चिडवू नकोस त्यांना, थोडं चिडव.

काल कचेरीत जाऊन आले. सही केली. अट एकच आणि ती कागदावर नाही. यापुढे माझ्याशी भांडायचं, तोंडावर, मोठ्याने, हवं तर पत्रातून. पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही.

आता माझंही खरं ऐक. तुझा तो पट्टा मला अजून आवडलेला नाही. डोळ्यांपुढे आणला तरी हात शिवशिवतात. पण त्या बादलीतला गाळ माझ्या नखातून दोन दिवस निघत नव्हता, तेव्हा राहू दे गवत.

पुढच्या आठवड्यात येते आहे. डॉक्टर नको म्हणतात, मी त्यांना नाही म्हटलं. ओट्यावर माझ्यासाठी एक खुर्ची टाकून ठेव. नदीकडे पाठ करून ठेव, असं लिहिणार होते.

नको. तोंड नदीकडेच करून ठेव.

तुझी,
आत्या